ढिगापाशी काढलेल्या चपला

तो माझा सोबती, आमच्या साखरा गावाजवळच्या तांड्यावरचा. बोलणं संपलं की "बराबर?" म्हणणार आणि उत्तराची वाट न बघता उठून जाणार. नेपाळात भूकंप झाला, तवा घरं बांधायच्या सेवेला आमी एकाच टोळीत गेलो. पडक्या घराच्या मातीवर पाय द्यायचा झाला की हा आधी चपला काढायचा. खिळे, काचा, काही बघायचा न्हाई. मी शाळा कमी शिकलो, पण अक्कल कमी न्हाई. मी त्याला रोज झापायचो, "पाय कापून घेशील, तवा कळंल!" तो नुसता हसायचा.

काम संपल्यावर आमाला शहर दाखवायला नेलं. तिथं एक मोठं देऊळ पडलेलं होतं. दाखवणारा म्हणाला, दर्शनाला आलेली माणसं इथंच दबून मेली. तरी आमची सगळी टोळी आठवणीच्या फोटोसाठी ढिगावर चढली. ह्यानं चपला काढल्या आणि खालीच हात जोडून उभा राहिला.

"काहून रे, फोटोला लाजून राहिला का?" वरून कुणीतरी ओरडलं.

मीबी निम्मा चढलो होतो. म्हणलं, "चल की. आता काम संपलं."

"आपलं काम संपलं दादा. पर खालची माणसं उठून गेली का? बराबर?"

ह्या वेळी मात्र तो उत्तराची वाट बघत थांबला.

मी खाली उतरलो. बूट काढले न्हाईत, माझा हट्ट माझ्यापाशी. पण त्याच्या शेजारी उभा राहिलो.

तो फोटो घरी भिंतीला आहे. सून विचारते, "मामंजी, यात तुमी कुठं?"

मी सांगतो, "यात न्हाई. आमी दोघं चपलांपाशी होतो."