पडायला तयार नसलेली टाकी

टाकी पडली नाही.

सकाळपासून सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. मैदानाकडचे तीन खांब फोडले होते, त्यांच्या सळया कापल्या होत्या. टाकीच्या गळ्याला पोलादी दोर बांधला होता आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभे असलेले दोन पोकलेन, म्हणजे साखळीवर चालणारी ती मोठी खोदयंत्रं, तो ओढत होते. दोर ताणला गेला, करकरला आणि बंदूक उडावी तसा आवाज करून तुटला. तुटलेलं टोक माती उडवत मागं गेलं. टाकी जागची हललीसुद्धा नाही.

रशीदभाई माझ्याकडे बघत राहिले. नांदेडचा हा माणूस जुन्या इमारती पाडण्याची कामं घेतो. त्यांच्या वडिलांचाही हाच धंदा होता. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. बांधकामाचा सांगाडा किती वजन पेलेल, याचा हिशोब करणं हे माझं काम. पाडायची पद्धत मी ठरवायची, पाडायचं त्यांनी, अशी आमची जोडी.

"मॅडम, ही तर हलून बी नाही राहिली हो," ते म्हणाले.

मला टाकीच्या मागची इमारत दिसत होती.

ती लातूरची जुनी पाण्याची टाकी होती. गोल, उंच खांबांवरची. तिच्या आत गळती लागली होती, घुमटाच्या खालचं सिमेंट सुटून पडत होतं. शिवाय आजूबाजूला कोचिंग क्लासेसची हॉस्टेलं एवढी उंच झाली होती, की टाकीचं पाणी त्यांच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढतच नव्हतं. नवी टाकी दुसरीकडे बांधून झाली होती. ही पाडायची होती. तिच्या तीन बाजूंना इमारती आणि एका बाजूला क्रिकेटचं मैदान. पाडायला तेवढी एकच दिशा मोकळी.

आमचा हिशोब साधा होता. टेबलाचे एका बाजूचे पाय कापले तर टेबल त्याच बाजूला पडतं. तसे मैदानाकडचे खांब काढायचे आणि टाकीला मैदानात झोपवायचं. पण या टाकीच्या खांबांना एकमेकांशी बांधणारे आडवे बीम होते. त्याला आम्ही ब्रेसिंग म्हणतो. एखाद्याचे पाय लटपटले की दोन्ही बाजूंची माणसं त्याला काखेत धरतात ना, तसं त्या बीमांनी तोडलेल्या खांबांचं वजन मागच्या खांबांवर घेतलं होतं. त्या काळच्या अशा टाक्यांत एवढी ताकद नसते. हिच्यात होती.

आता ती पूर्ण उभीही नव्हती आणि पडतही नव्हती. मागची इमारत मुलींचं हॉस्टेल होतं. टाकी मैदानाकडेच पडेल, असं सकाळी मी छातीठोकपणे सांगितलं असतं. आता वारा सुटला, टाकीनं जरा पीळ खाल्ला, तर कुठं जाईल, हे मला सांगता येत नव्हतं.

पाडकामाच्या वेळापुरत्या मुली क्लासला पाठवल्या होत्या. त्या आता परत येऊन गेटवर थांबल्या होत्या.

"मी स्वतः वर जातो," रशीदभाई म्हणाले. "नवा दोर बांधून येतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

"तिच्याखाली कुणी जायचं नाही. वर तर नाहीच."

"मग काय करावं? आशीच ठेवावी?"

"तुम्ही माणसं मागं घ्या आधी."

त्यांनी शिट्टी वाजवली. माणसं मागं आली.

पाणीपुरवठ्याचे साहेब तिथंच होते. त्यांना घेऊन मी हॉस्टेलच्या ऑफिसात गेले. मालकांना फोन लावला. ते पुण्याला होते. ते म्हणाले, "मॅडम, उद्या पोरींची टेस्ट आहे. एवढ्या पोरी ऐनवेळी कुठं नेऊ? तुम्हीच म्हणता ना, टाकी लई मजबूत निघाली?"

युक्तिवाद बिनतोड होता.

तेवढ्यात दारात उभी असलेली बाई आत आली. सुमनताई, हॉस्टेलच्या रेक्टर. चाळिशी ओलांडलेल्या, खांद्यावरून पदर घेतलेल्या, हातात चाव्यांचा जुडगा. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, एकच सांगा. आमच्यावर पडंल का न्हाई?"

"मैदानात पडेल असं वाटतं."

"वाटतं का नक्की हाय?"

"नक्की नाही सांगता येत."

"बस झालं मग." त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "सर, मी पोरींना हलवून राहिले. तुम्ही मागून रागवा." आणि फोन बंद केला.

त्यानंतर जे झालं ते मी बघत राहिले. सुमनताई आरडाओरडा न करता गेटवर गेल्या. मुलींना मजल्यांप्रमाणे उभं केलं. आत कुणालाही जाऊ दिलं नाही. किनवटची एक मुलगी रडकुंडीला आली, "ताई, माझ्या नोट्स हायत वर." तिला त्या म्हणाल्या, "नोट्स पुन्हा लिहिता येतात गं बाई." आजारी म्हणून खोल्यांत थांबलेल्या दोघींना मागच्या दारानं त्या स्वतः धरून घेऊन आल्या. जवळच्या मंगल कार्यालयाच्या मालकाला एक फोन केला. लग्नाची तारीख नव्हती, हॉल रिकामा होता. बघता बघता गेटवर एकही मुलगी उरली नाही.

मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला सवय आहे का अशी?"

"माझं माहेर किल्लारीच्या अंगाला. भूकंपात आमची गल्लीच्या गल्ली गेली." त्या चाव्या मोजल्यासारख्या बोटांनी फिरवत होत्या. "आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं मॅडम. धरणी सांगून थोडीच हलती? तुम्ही तर सांगून राहिल्या. मग कशाला थांबायचं?"

पोलिसांनी आजूबाजूच्या इमारतीही रिकाम्या केल्या. ऊन उतरू लागलं. मला टाकी नीट बघायची होती, आणि खालून बघून काही कळत नव्हतं. मैदानाच्या कडेला, टाकीपासून लांब, नव्या हॉस्टेलचं बांधकाम चाललं होतं. त्याच्या गच्चीवर मी चढले. लिफ्ट नव्हती, जिन्याला कठडाही नव्हता.

वर पोचले आणि कशासाठी आले ते विसरले.

भूकंपानंतर पॉलिटेक्निकची विद्यार्थिनी म्हणून पाहणीच्या कामाला मी लातूरला आले होते. तेव्हा या शहरात लोक वरच्या मजल्यावर झोपत नव्हते. दुमजली घरवाले अंगणात पत्र्याचा आडोसा करून राहायचे. स्लॅब हा शब्द लोक हळू आवाजात बोलायचे. डोकं वर काढून उभी होती ती ही टाकीच. तिच्या सावलीतली घरं विकून माणसं निघून गेली होती.

आणि आता मी तिच्याहूनही उंच उभी होते. चहूकडे इमारतीच इमारती. निळ्या काचांच्या, गुलाबी रंगाच्या, अर्ध्या बांधलेल्या, सळया वर काढून पुढच्या मजल्याची वाट बघणाऱ्या. गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या काळ्या टाक्या, डॉक्टर झालेल्या पोरांचे घराएवढे फोटो. एकेक खिडकी म्हणजे कुठल्यातरी गावाहून आलेलं एक पोर. देगलूरचं, रेणापूरचं, कुठलं कुठलं. ज्या मातीनं एका पहाटे एवढी माणसं गिळली, तिच्यावरच लोकांनी एवढ्या उंचावर आपली लेकरं आणून ठेवली होती. ते धाडस म्हणावं की विसरभोळेपणा, मला ठरवता येईना. पण समोर जे दिसत होतं ते अफाट होतं.

मग मी टाकीकडे बघितलं. तिच्या माथ्याच्या घुमटाला आम्ही आदल्या दिवशीच मोठं भोक पाडलं होतं. वरून ते विहिरीच्या तोंडासारखं दिसत होतं. मुलींच्या हॉस्टेलची गच्ची टाकीपेक्षा बरीच उंच होती. ती गच्ची आणि ते भोक, दोन्ही एकाच नजरेत आले आणि मला उपाय सुचला.

खाली येऊन मी साहेबांना म्हटलं, "टाकी भरायची."

"कशानं?"

"पाण्यानं."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, हे लातूर आहे. इथं रेल्वेनं पाणी आलेलं आहे. आणि मी पाडायच्या टाकीत पाणी भरू? पेपरवाले काय लिहितील?"

"सांडपाणी शुद्ध करून झाडांना देता ना, ते भरू."

"पण कशासाठी?"

मैदानाच्या कडेला त्यांच्यासाठी मांडलेल्या टेबलावरचा पेपरवेट मी उचलला. "टेबलाचे पुढचे पाय नाहीत. तरी ते तोल धरून आहे. आता त्याच्यावर घागर ठेवली आणि ती भरत नेली तर?"

"पुढं कलंडेल."

"आधार नाही त्याच बाजूला कलंडेल. कुणाला वर चढायला नको, की दोर बांधायला नको."

रशीदभाईंना हे लगेच पटलं नाही. ते म्हणाले, "आख्ख्या जिंदगीत आम्ही टाकी रिकामी करून पाडली. भरून पाडायची पैल्यांदाच ऐकून राहिलो." मग दाढी खाजवत थोडा वेळ टाकीकडे बघितलं. "पर वजन तर तिकडंच जाईल, हे खरं हाय."

रात्र वाऱ्याविना गेली. उजाडल्यावर अग्निशमन दलाची गाडी हॉस्टेलच्या पाठीमागच्या रस्त्यावर लावली, तिच्यामागं शुद्ध केलेल्या पाण्याचे टँकर रांगेनं उभे केले. पाइप जिन्यानं गच्चीवर नेला. त्याचं तोंड कठड्याच्या खांबाला घट्ट बांधून टाकीच्या भोकावर नेम धरला. माणसं खाली आली, इमारतीपासून लांब गेली. पंप चालू झाला. पाण्याची धार गल्ली ओलांडून सरळ भोकात पडू लागली.

मी, साहेब आणि सुमनताई त्याच बांधकामाच्या गच्चीवर होतो. लांबच्या सगळ्या गच्च्या पोरापोरींनी भरलेल्या होत्या. मैदान रिकामं आणि भोवती मजल्यामजल्यांवर माणसं. एखाद्या मोठ्या स्टेडियममध्ये मॅच बघायला यावं तसं. पण आवाज नव्हता. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. साहेब पुटपुटले, "भरली तरी उभीच राहिली तर?"

"बघू," मी म्हटलं.

आधी एक आवाज आला, जाड फांदी पिळल्यासारखा. ब्रेसिंगचा एक बीम तडकला होता. मग टाकीनं मान खाली घातली. हळूहळू, जणू कुणाला तरी नमस्कार करते आहे अशी. मागचे खांब गुडघ्यात वाकले. माथ्याच्या भोकातून पाण्याचा पडदा बाहेर आला, त्यातून सकाळचं ऊन आरपार गेलं आणि क्षणभर आख्खी टाकी सोन्याची दिसली. मग ती मैदानात पडली. बरोबर मैदानात.

सुमनताई खाली बसल्या. दोन्ही तळवे त्यांनी स्लॅबवर टेकवले होते. आमच्या पायांखाली थरथर आली आणि गेली. त्या तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळानं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थांबलं."

तेव्हा कुठं गच्च्यांवरून आवाज उठला. पोरं ओरडत होती, टाळ्या वाजवत होती, आणि तो आवाज एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर आपटत शहरभर फिरला. आमचे साहेबही टाळ्या वाजवत होते. पाणी मैदानभर पसरत गेलं आणि त्यात उलट्या इमारती दिसू लागल्या.

हॉस्टेलच्या एका काचेलाही ओरखडा गेला नव्हता. मुली दुपारी परत आल्या. टेस्ट दोन दिवस पुढं गेली, त्याचा आनंद त्यांना टाकी पडल्यापेक्षा जास्त झाला. टाकीच्या बाजूच्या खोल्यांतल्या मुली मात्र खिडक्यांशी गर्दी करून होत्या. इतके दिवस त्यांना खिडकीतून फक्त सिमेंट दिसायचं. आता मैदान, त्याच्या पलीकडची घरं आणि त्याही पलीकडे, शहर संपतं तिथली काळी शेतं दिसत होती. सुमनताई मागून ओरडत होत्या, "बघून झालं आसंल तर आभ्यासाला लागा."

संध्याकाळी आम्ही ढिगाऱ्याजवळ गेलो. रशीदभाईंनी मागच्या एका खांबाचा तुटलेला भाग हातानं साफ केला. आतलं काँक्रीट घट्ट, मधमाशीच्या पोळ्यासारखी एकही पोकळी नाही. सळया नेहमीपेक्षा जाड आणि गंज म्हणून नाही. वरचा घुमट खराब झाला होता, पण पाय तसेच होते. भूकंपात ही टाकी भरलेली होती की रिकामी, मला माहीत नाही. भरलेली असती तरी ती उभी राहिली असती, असं आता वाटतं. तिला भिऊन लोक घरं सोडून गेले होते.

"कोण होता हो मॅडम, हिला बांधणारा?" रशीदभाईंनी विचारलं.

साहेबांना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"जो कुणी आसंल," ते हात झटकत म्हणाले, "त्यानं आमचा दोर तोडला, दोन दिवस खाल्ले. लई तरास दिला त्या माणसानं."

त्यानंतर मी नव्या टाक्यांची, हॉस्टेलांची पुष्कळ कामं केली. सळया कमी करा, काम स्वस्तात बसवा, असं सांगणारे रोज भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ड्रॉइंगवर सही करताना एवढंच बघते, की पुढं कधीतरी हे पाडायला जो कुणी येईल, त्यानं मला मनापासून शिव्या दिल्या पाहिजेत.