ऐंशी अक्षरांची ओळ

नोलीन ट्रेंबाथला मी ओळखत होतो, असं म्हणायला मन धजत नाही. इन्व्हरकार्गिलच्या कचेरीत आम्ही बरीच वर्षं शेजारी बसलो, पण तिच्या घरात मी कधी पाऊल टाकलं नाही. तिला भावंडं होती की नाही, हेही मला सांगता येणार नाही. गेल्या महिन्यात ती वारल्याचं पेपरात वाचलं, म्हणून आठवतंय तेवढं लिहितो.

आमचं काम दुधाच्या टँकरचं. कुठल्या गोठ्यावर कुठला टँकर कधी आणि कोणत्या रस्त्याने जायचा, हे ठरवणारा प्रोग्राम आम्ही सांभाळायचो. हॅमिल्टनची आणि मेलबर्नची माणसंही त्याच कोडवर काम करायची. प्रत्येकाची लिहायची तऱ्हा वेगळी, म्हणून सगळ्यांसाठी एकच रीत ठरवायचं निघालं. बाकीचं जमलं, अडलं ते ओळीच्या लांबीवर. ऐंशी अक्षरांपुढे ओळ जाता कामा नये, असा नोलीनचा हट्ट.

"पडदे केवढे रुंद झालेत आता," आमचा तरुण प्रमुख टेविटा म्हणाला. "आपण अजून लहानपणीच्या सदऱ्यात हात कोंबतोय."

"मला बसतोय सदरा," नोलीन म्हणाली. "तुझंच पोट सुटलं असेल."

सगळे हसले, टेविटासुद्धा. शेवटी हात वर करून मतदानाने ठरवायचं झालं.

तिच्या पडद्यावरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी असत, एका ओळीत जेमतेम ऐंशी मावत. तिचे डोळे जात चालले होते. तिने गाडी चालवणं सोडलं तेव्हा संध्याकाळी घरी सोडशील का म्हणून मला विचारलं, आणि त्या ओघात हे सांगितलं. दुसऱ्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

"मतदानाआधी सांगून टाक ना," गाडीत मी म्हणालो.

"सांगितलं की सगळे हात वर करतील. मग तो नियम कसला, उपकारच झाला. तूही बोलायचं नाहीस."

मी बोललो नाही. ऐंशीच्या बाजूने तीनच हात वर झाले, त्यातला एक माझा; लांब ओळींची रीत ठरली.

नव्या रीतीप्रमाणे सगळा कोड यंत्राने एका दुपारीत बदलून टाकला. त्यानंतर नोलीनला प्रत्येक ओळीसाठी पडदा उजवीकडे सरकवावा लागे. शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात नजरेआड झालेली असे. ती ओळ पाठ करत पुढे जाई, तिचे ओठ हलताना मला दिसत.

पुराच्या आठवड्यात तिच्या हातून चूक झाली. तिने बदललेल्या एका ओळीच्या पार उजव्या टोकाला बंद रस्ते वगळण्याची अट होती. ती तिला दिसलीच नाही, आणि बदलताना गळून गेली. टँकर बुडालेल्या रस्त्यापाशी जाऊन अडकला, आणि एका गोठ्याचं सगळं दूध ओतून द्यावं लागलं.

"कुणाच्याही हातून झालं असतं," टेविटा मायेने म्हणाला.

"नसतं झालं," नोलीन म्हणाली, आणि त्याच दिवशी तिने राजीनामा दिला. का, ते त्याला अजून माहीत नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी तिला फाटकापाशी सोडलं. निरोपाच्या चहातले उरलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, तिने मांडीवर धरले होते.

"पायरी ओली आहे, जपून," मी म्हणालो.

"रोजचीच आहे ती." उतरून ती खिडकीशी वाकली. "गाडीचे दिवे लाव. अंधारून आलंय."

दिवे लागलेलेच होते.

"लावतो," मी म्हणालो.