मेट्रनबाई आणि आईचा दगड

देवाचं वचन पसंत पडलं नाही म्हणून ते परत करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या नवापूरच्या चर्चमध्ये एक जानेवारीची उपासना संपली की पाळकसाहेब स्टीलचं एक ताट पुढे करतात. ताटात कागदाच्या बारीक सुरळ्या असतात आणि प्रत्येकीत शास्त्रातलं एक वचन. माणशी एक सुरळी उचलायची, घरी नेऊन आरशाला चिकटवायची आणि जे लिहिलंय ते देवाने या वर्षी खास आपल्यालाच सांगितलंय असं मानायचं. बाकीची मंडळी डोळे मिटून सुरळी उचलतात. मेट्रनबाई चष्मा पुसून उचलायच्या. तिथल्या तिथे उलगडून वाचायच्या आणि किडकं वांगं भाजीवाल्याला परत द्यावं तशी ताटात टाकून म्हणायच्या, "हे माझं नाही. माझ्या मागे कोण आहे, तिचं असेल." मागे बहुतेक मीच असायची.

मेट्रनबाई म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन. मी पाचवीत डोंगराकडच्या गावातून पत्र्याची पेटी घेऊन तिथे आले आणि त्यांच्या तावडीत सापडले. पुढे शिकून मी शिक्षिका झाले, सुटले असं वाटलं, तोच नवापूरला बदली झाली आणि भाड्याचं घर मिळालं ते नेमकं त्यांच्या शेजारी. बाई रिटायर होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. पहाटे पाचला त्या आपल्या ओट्यावर उभ्या राहून पितळी घंटा वाजवायच्या. घरात उठवायला कोणी नव्हतं. त्या एकट्याच राहायच्या आणि त्या तर आधीच उठलेल्या असायच्या. त्यामुळे ती घंटा आम्हा सगळ्या गल्लीच्या भल्यासाठी होती, हे उघड आहे. दूधवाल्याने आधी नखं दाखवायची आणि मग दूध घालायचं, असा नियम होता. तो बिचारा नातवंडं असलेला माणूस, पण हात पुढे करायचा.

डिसेंबर संपत आला की त्या नव्या वर्षाचे संकल्प लिहायला बसायच्या. स्वतःसाठी नव्हे, कारण स्वतःत सुधारायला काही शिल्लक आहे असा त्यांना संशयही नव्हता. वहीचे कागद फाडून गल्लीतल्या प्रत्येकाचा संकल्प त्या लिहून द्यायच्या, खाली सहीसकट. माझ्या नवऱ्याला आला, 'तंबाखू बंद. पोट कमी.' मला आला, 'मुलांवर ओरडणे कमी करावे.' साठ मुलींवर जन्मभर ओरडलेल्या बाईने हे मला लिहून द्यावं! समोरच्या पोल्ट्रीवाल्याला एकाच ओळीचा आदेश होता, 'वास बंद करावा.' हजारो कोंबड्यांचा तो मालक, त्याने तो कागद भक्तिभावाने ऑफिसात लावला. वास आहे तिथेच आहे.

बाईंचा सगळ्यात मोठा कायदा मात्र भाषेचा होता. आम्ही सगळ्या मावची बोलणाऱ्या मुली. वसतिगृहात घरची बोली बोलताना कोणी सापडली तर तिने सगळं अंगण झाडायचं. "शुद्ध मराठी बोला, नाहीतर तालुक्याच्या ऑफिसात तुम्हाला कोणी खुर्ची देणार नाही," असं त्या म्हणायच्या. आमचं अंगण जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ होतं. खुर्चीबद्दल मात्र बाई खोटं बोलल्या नव्हत्या, हे मला नोकरीच्या मुलाखतीत कळलं, आणि त्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे. त्यांना मी हे कधी बोलून दाखवलं नाही. लगेच नवा नियम आला असता.

एवढ्या लोकांचं भलं चिंतणाऱ्या या बाईंची स्वतःची इच्छा एकच होती आणि दर एक जानेवारीला ती तीच असायची. "या वर्षी आईचा दगड बसला पाहिजे." त्यांची आई जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. गावाच्या कबरस्तानात मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस, बस्स. दरवर्षी पावसाने उंचवटा खचायचा, दरवर्षी बाई माणूस लावून माती घालायच्या. दगडाला पैसे होते, दगड घडवणारा होता, जागाही होती. नव्हतं ते बहीण-भावाचं एकमत. बाईंचा धाकटा भाऊ सामू. लहानपणी वडिलांनी बाईंना नवापूरला शाळेत घातलं आणि सामूला आत्याकडे हद्दीपलीकडे, गुजरातेत. घर एकच, पण एकाचं शिक्षण मराठीत झालं आणि दुसऱ्याचं गुजरातीत. आई गेल्यावर बाई म्हणाल्या, दगडावर नाव मराठीत. सामूमामा म्हणाले, गुजरातीत. शब्दाला शब्द वाढला आणि बोलणंच बंद झालं.

यातली गंमत अशी, की त्या माउलीला दोन्ही भाषा येत नव्हत्या. जन्मभर ती मावचीत बोलली, मावचीत रागावली, मावचीतच प्रार्थना केली आणि कागदावर अंगठा उठवला. तिच्या दगडावर काय लिहिलंय ते ती उठून वाचणार होती, अशा थाटात तिची दोन शिकलेली मुलं एकमेकांची तोंडं बघत नव्हती. दोघांच्या घरांत अंतर तरी किती? माझ्या स्कूटीवर अर्धा तास. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, दोन्ही भाषांत लिहा ना." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला आपली नखं तपासावीशी वाटली. "आधी त्याने यावं. मी मोठी आहे."

आणि इथे ते ताट आडवं यायचं. बाईंना दर वर्षी असं वचन हवं असायचं, की तुझा न्याय होईल, तुझे विरोधक तुझ्या दारी येतील. तशी वचनं शास्त्रात आहेत, पुष्कळ आहेत. पण बाईंच्या हाताला लागायचं ते दुसरंच. क्षमा कर. नम्र हो. जीभ आवर. तीन-तीन सुरळ्या उचलल्या तरी तेच. एका वर्षी तर त्यांनी पाळकसाहेबांना भर मंडळीत विचारलं, "सुरळ्या कोण भरतं? नीट मिसळत नाही वाटतं." पाळकसाहेब म्हणजे बाईंच्या वसतिगृहातल्या एका मुलीचे चिरंजीव. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी जास्त मिसळू, आजी."

गेल्या वर्षी मात्र कमाल झाली. बाईंनी पहिलीच सुरळी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. अर्थ असा होता, की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर आधी जा, समेट कर, मग देवापुढे ये. बाईंनी ती परत टाकली नाही. मुठीत धरून घरी आणली. मी तुरीच्या ओल्या शेंगा उकडून समोर ठेवल्या, तर त्यांना हातही लावला नाही. मग सुरळी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "हे सामूचं आहे. त्याच्या चर्चमधलं इकडे आलंय. उद्या जाऊन देऊन ये."

देवाची टपालसेवा इतकी गोंधळलेली असेल असं मला वाटलं नव्हतं, पण मी गेले. सामूमामा खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. त्यांना साखरेचा आजार, अंगठ्याजवळ जखम, महिना झाला भरत नव्हती. त्यांनी सुरळी वाचली आणि माझ्याकडेच परत दिली. "मोटीबेनला सांग, ही बराबर तिलाच आली. मी नाय येवाचा. तिने यावं ने." मी मनात म्हटलं, एकाच साच्यातली भांडी आहेत ही.

परत येऊन मी निरोप गिळला आणि फक्त जखमेचं सांगितलं. बाई उठल्या. वसतिगृहातली औषधांची पेटी खाली काढली, आणि स्कूटीवर बसायच्या आधी मला बजावलं, "मी पायाला बघायला जाते आहे. पायाच्या मालकाशी माझा काही संबंध नाही." साऱ्या रस्त्यात माझ्या खांद्यावर बोट मारून त्या मला हॉर्न द्यायला आणि हळू चालवायला सांगत होत्या. हद्द ओलांडताना त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

तिथे पोचल्यावर त्या भावाकडे न बघता पाटावर बसल्या, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडली. जखम पाहिली मात्र, बाई रागावल्या. किती दिवस झाले, कोणी बांधलं हे, डॉक्टरकडे का गेला नाहीस? आणि हे सगळं मावचीत! त्यांच्या तोंडून मी घरची बोली पहिल्यांदा ऐकत होते. इतकी गोड, इतकी भरभर, की मला माझी आजी आठवली. मामाही मावचीत कुरकुरत होते, अगदी लहान होऊन. मी दारातून म्हटलं, "बाई, अंगण झाडावं लागेल हं." बाईंनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज मेट्रनचाच. "तू झाड. मला काम आहे." आणि मी खरंच झाडलं.

आता सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पाय बरा होऊ लागला. बाई दर शनिवारी जायच्या, म्हणजे मी न्यायची. एका शनिवारी मामा म्हणाले, "मोटीबेन, मराठीत लिही. तू मोठी." बाई म्हणाल्या, "काही नको. गुजरातीत लिही. शेवटची चार वर्षं आईला तू सांभाळलंस." मामा म्हणाले, मराठीच. बाई म्हणाल्या, गुजरातीच. त्या दिवशी घरी येताना बाई चिडून म्हणाल्या, "किती हट्टी आहे बघ!" आता भांडण उलट बाजूने सुरू झालं होतं आणि तितक्याच जोराने. दगड घडवणाऱ्याने दोनदा फोन करून विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं. पावसाळ्यात उंचवटा पुन्हा खचला. बाईंनी पुन्हा माती घातली, या वेळी भावाला बरोबर घेऊन.

ऑगस्टमध्ये बाईंना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. दगड पाहिला नाही. हे लिहिताना मला अजून राग येतो, दोघांचाही. आठ महिने होते हो हातात, आणि ते एकमेकांना मोठेपणा देण्यात घालवले! आईच्या शेजारीच त्यांना पुरलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या इतक्या बायका आल्या होत्या, की कबरस्तानात उभं राहायला जागा नव्हती. सगळ्या रडल्या, आणि सगळ्या रांगेत उभ्या राहून रडल्या.

यंदा एक जानेवारीला दुपारी सामूमामांचा फोन आला, कबरस्तानात ये म्हणून. ते काठी टेकत उभे होते. आईच्या कबरीवर दगड बसला होता. स्वच्छ मराठीत नाव, खाली क्रूस. मामा म्हणाले, "दहा-अकरा वर्षं मराठी मागत होती. गुजराती तर पाच-सहा महिनेच मागितली. म्हणून तिचं पहिलं ऐकलं. बराबर केलं ने?" मी मान हलवली.

मग त्यांनी शेजारच्या कबरीवरचं गोणपाट बाजूला केलं. बाईंचा दगड. त्यावरची अक्षरं गुजराती होती.

"मामा, हे काय? बाईंना हे चालेल का?"

"नाय चालणार," मामा म्हणाले. "जरा पण नाय चालणार. येऊ दे ने भांडायला."

एवढं बोलून ते फाटकाकडे बघत उभे राहिले. मीही बघत राहिले.