उरलेला अर्धा सिनेमा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता... खरं तर विश्वास ठेवायला वेळच नव्हता. २००६ सालची गोष्ट. लंडनला हाउन्सलोत भाड्याचा छोटासा फ्लॅट, एअरपोर्टवरच्या दुकानात पहाटेची शिफ्ट, नवरा कॉन्ट्रॅक्टवर मँचेस्टरला — वीकेंडला आला तर आला. बाबा गेल्यावर आईला अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आणलं होतं. ती दिवसभर खिडकीत बसायची आणि मी दार उघडलं की म्हणायची, "मला परत पाठव गं. इथे बोलायला कोणी नाही."

बाबा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून लग्नानंतर इंग्रजी सिनेमाला नेलं की ते अख्खा सिनेमा तिच्या कानात मराठीत सांगायचे. मागचे लोक वैतागायचे, पण बाबा कसले ऐकतायत! एकदा मात्र इंटरव्हललाच उठावं लागलं, कारण मी तान्ही होते आणि भोकाड पसरलं होतं. "उरलेला नंतर सांगतो," म्हणाले. ते राहूनच गेलं.

आणि त्या रविवारी दुपारी टीव्हीवर नेमका तोच! जुना ब्लॅक अँड व्हाइट हॉलिवूडचा सिनेमा, एका जाडजूड, विचारांनी ठासून भरलेल्या कादंबरीवर काढलेला. एक न्यायाधीश नोकरी सोडून दीपगृहात राहायला जातो, अशी काहीतरी गोष्ट. आईने पहिल्याच सीनला ओळखला.

"मने, बस ना इथे. काय बोलतात ते सांग मला."

'परत पाठव' सोडून कित्येक महिन्यांनी तिने काही मागितलं होतं... बसले. पण शिफ्ट करून आलेली मी, जरा वेळात सोफ्यावरच आडवी.

जाग आली तेव्हा बातम्या चालू होत्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी गं आई, डोळाच लागला —"

"अगं, बघितला की मी सगळा." आई डोळे पुसत होती, पण चेहरा शांत. "शेवटी तो न्यायाधीश बंदरावर येऊन बायकोला मिठी मारतो. तिथेच हॉलिवूडवाल्यांनी माती खाल्ली बघ. कादंबरीत तो परत येतच नाही. म्हणतो, मी इतक्यांना शिक्षा दिल्या, आता मला माफ करायला कोण बसलंय?"

'माती खाल्ली' हे बाबांचं. आईच्या तोंडी मी ते कधीच ऐकलं नव्हतं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"यांनीच की," आई म्हणाली. दूध आलं की सांगावं, तसं.

भाऊ फोनवर म्हणाला, "बाबांनी पूर्वी कधीतरी सांगितलं असेल, ती विसरली असेल." असेलही. मी लायब्ररीतून कादंबरी आणली, ट्रेनमध्ये डुलक्या घेत घेत संपवली. न्यायाधीश खरंच परत येत नाही. ते वाक्यसुद्धा आहे. ठीक आहे... बाबांनी वाचली असणार, सांगितलीही असणार.

पण त्या दुपारी आई आणखी एक बोलली होती, ते मी भावाला सांगितलं नाही.

"मधे जाहिराती लागल्या तेव्हा मी उठवणार होते तुला. तर हे म्हणाले, झोपू दे तिला. फार दमते पोर."

आई त्यानंतर ठरलेल्या दिवसापर्यंत राहिली, "पाठव" म्हणाली नाही. 'फार दमते पोर' हे तिच्याच मनातलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणून पाहिलं. मग चहाचे कप विसळायला गेले आणि नळ सोडून पोटभर रडले. त्या देशात इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. कोण बोललं, कसं बोललं — आजही मला माहीत नाही.