उरलेली वायर आणि चूलबंद आवतन

आमच्या घरात मला गाण्याची बंदी आहे.

ही बंदी कुणी लिहून दिलेली नाही, पण सगळे ती पाळतात. मी आयुष्यात एकदाच चारचौघांत गायलो, तेही स्वतःच्या लग्नात. गाणं संपल्यावर सासरे कौतुकानं म्हणाले होते, "जावई स्वयंपाक चांगला करतात म्हणे." तेव्हापासून कुठं चार माणसं जमली आणि मी नुसता घसा खाकरला, की बायको पाण्याचा ग्लास पुढं करते. ग्लास रिकामा होईपर्यंत दुसऱ्या कुणाचं तरी गाणं सुरू झालेलं असतं! बरं, न्हाणीघरात गावं, तर आमच्या इतवारा मोहल्ल्यातली घरं एकमेकांना खेटून. भिंतीपलीकडून शर्माभाभी विचारतात, "मास्टरजी, तबियत तो ठीक है ना?"

मी शाळेत गणित शिकवतो. गणिताच्या मास्तरला गळा नसतो, असं लोक धरूनच चालतात. पण एक जुनं, रडकं हिंदी गाणं लग्नापासून माझ्या छातीत अडकून पडलंय. ते एकदा, फक्त एकदा, दोन्ही अंतऱ्यांसकट, माइकवर म्हणायचं, एवढीच माझी इच्छा होती. (लोक चारधाम मागतात. मी दोन अंतरे मागत होतो.)

संधी आणली आमच्या साडूंनी. वसंतराव म्हणजे माझ्या बायकोच्या, शोभाच्या मोठ्या बहिणीचे यजमान. जळगावला त्यांचं पंख्यांचं आणि मोटारपंपांचं दुकान. त्यांनी घरी कराओके बसवलं आणि आमच्या घरातली शांतता संपली.

"जिजाजींकडे काय मस्त सिस्टिम आहे! नुसतं बटन दाबलं की म्युझिक सुरू!" शोभा उठता-बसता ऐकवायची.

"पपा, अपने यहाँ तो मिक्सर भी दो थप्पड मारल्याशिवाय चालू होत नाही," आमची पिंकी म्हणाली. (ती कॉलेजला आहे. तिचं एक वाक्य हिंदीत निघतं आणि मराठीत पोचतं.)

त्यात सासूबाईंची पंच्याहत्तरी आली. ती आमच्याकडे करायची ठरली. मी संधी साधली. म्हटलं, "कराओके मी आणतो, मीच जोडतो. पण मग एक गाणं माझं. पूर्ण! मध्ये कुणी पाणी द्यायचं नाही!"

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं.

"चालेल," शोभा म्हणाली.

ती इतक्या चटकन कशी तयार झाली, याचंच मला नवल वाटलं. मी जोडलेलं यंत्र चालेल यावर दोघींचा काडीचाही विश्वास नव्हता, हे मागाहून कळलं.

रविवारी सकाळी सासूबाई त्यांच्या गावाहून, डोईफोडियाहून जीपनं आल्या. त्यांच्या आधी जीपमधून वांग्यांचं पोतं उतरलं. मग वांग्यांचं दुसरं पोतं उतरलं. मग केळीचे घड. आणि मग सासूबाई.

"अगं आई, एवढी वांगी कोण खाणार?" शोभानं कपाळाला हात लावला. "घरची आठ-दहा माणसं आपण!"

"राहू दे वं. पंगतीत कमी नाही पडलं पाहिजे," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यासाठी कानात घालायचं मशीन आहे, पण ते कुंई कुंई करतं म्हणून त्या ते बटव्यात ठेवतात, सुपारीशेजारी. त्यामुळं त्यांच्याशी बोलताना आम्ही ओरडतो आणि त्या आमच्याकडे बघून प्रेमानं मान हलवतात.

वसंतरावही सहकुटुंब आले. आल्या आल्या त्यांनी माझं कराओके बघितलं. दोन माइक आणि पाटाएवढा एक स्पीकर. त्यांनी तो एका हातानं उचलला.

"मास्तर, हे मशीन आहे का डबा?"

मी बटन दाबलं. संगीत सुरू झालं. पिंकी डोलायला लागली. सासूबाई निवांत सुपारी कातरत बसल्या होत्या.

"आई, ऐकू येतंय का?" मी ओरडलो.

"हो, घेईन चहा," सासूबाई म्हणाल्या.

वसंतराव असे हसले, की माझ्या मस्तकात तिडीक गेली. जिच्यासाठी कार्यक्रम, तिलाच ऐकू येणार नाही? मग माझं गाणं ऐकायचं कुणी, वसंतरावांनी?

आणि मला पलंगाखालचा अँप्लिफायर आठवला!

इथं एक सांगायला हवं. आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचं सगळं सामान वर्षभर आमच्या बाहेरच्या खोलीत असतं. मोठ्या कढया, झारे, पत्रावळींचे गठ्ठे, दोन मोठे स्पीकरचे बॉक्स आणि तो अँप्लिफायर. मी मंडळाचा कुणी नाही, पण माझ्याकडे रिकामी खोली आहे, हा माझा गुन्हा. भंडारा असला की मंडळवाले आमच्या ओट्यावरूनच पुकारतात, आणि तो आवाज चौकातल्या पिंपळावर बांधलेल्या चार भोंग्यांतून सगळ्या इतवाऱ्यात जातो. पण जोडाजोडी नेहमी तेच करतात. मी फक्त पलंग सरकवतो.

त्या दिवशी पलंगही मी सरकवला आणि जोडणीही मीच केली. वसंतराव मदतीला आले, पण मी त्यांना हात लावू दिला नाही. माइक जोडले. बॉक्स जोडले. सगळं जिथल्या तिथं बसलं, आणि शेवटी खिडकीतून आत आलेली एक वायर उरली.

मी काहीही दुरुस्त केलं की काहीतरी उरतंच. घड्याळ उघडलं तेव्हा स्क्रू उरला होता, सायकल उघडली तेव्हा अर्धी सायकल. पण या वेळी मी ठरवलं, वसंतरावांसमोर काहीही उरू द्यायचं नाही! अँप्लिफायरच्या मागं एक जागा रिकामी दिसत होती. वायर तिथं खुपसली आणि स्क्रू आवळला. गणितात याला निःशेष भाग जाणे म्हणतात.

बटन दाबलं. खोली हादरली! भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. सासूबाईंनी दचकून वर बघितलं आणि म्हणाल्या, "आता आलं बरं आयकू!"

एक तर खोलीत बॉक्स दणाणत होते, त्यात मागच्या गल्लीतल्या पावरलूमची खटखट नको म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या. बाहेर काय चाललंय याचा आम्हाला पत्ताच नव्हता.

वसंतराव आंघोळीला गेल्यावर मी माइकची चाचणी घेतली. "हॅलो, हॅलो. शोभा, बघितलंस? म्हणे जिजाजींची सिस्टिम! त्यांनी दिवाळीला दिलेला पंखा आठवतो ना? फिरतो कमी आणि बोलतो जास्त. अगदी त्यांच्यासारखा!"

"हळू बोला, ऐकतील ना!" शोभा दुसऱ्या माइकवर म्हणाली. मग तिलाही राहवलं नाही. "पण खरं आहे हो. ताईच नेहमी म्हणते तसं."

वसंतराव आंघोळ करून आले. आता सुरुवात कुणी करायची? पिंकी म्हणाली, "पपा, पहले आजी! दो शब्द तो बनते हैं." तिनं आजीच्या कानात मशीन घातलं आणि हातात माइक दिला.

सासूबाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला. पदर सावरला. त्यांच्या गावात माइक एकाच कामासाठी निघतो. तेच काम त्यांनी केलं.

"आयका हो समदे!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आज माह्या लेकीच्या घरी, मास्तरच्या घरी, भरीत-पुरी हाय. चूलबंद आवतन हाय! लहान-थोर समद्यायनं या. कोनी चूल पेटवू नका, कोनी उपाशी राहू नका!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या प्रत्येकाला जेवायचं बोलावणं, इतकं की घरी चूलच पेटवायची नाही. सासूबाईंच्या तोंडून ते जुनं बोलणं ऐकून शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता माझं गाणं," मी म्हटलं.

माझ्या गाण्याचं संगीत सुरू झालं. मी डोळे मिटले. श्वास घेतला. आणि दार वाजलं.

दारात शर्माभाभी, त्यांची तीन मुलं आणि एक मोठा डबा.

"मास्टरजी, हम जल्दी तो नहीं आ गये?"

त्यांच्या मागं दर्जीकाका सहकुटुंब. त्यांच्या मागं चक्कीवाले, पीठ भरल्या अंगानं. मला भरून आलं! माझ्या नुसत्या श्वासाचा आवाज ऐकून गल्ली जमली होती! मी दोन्ही हात पसरले. "या, या! आत या! लाजू नका! आणखी कुणाला यायचं असेल तर त्यांनाही बोलवा!"

त्यांनी बोलावलं.

बघता बघता ओटा भरला, जिना भरला. "पुढं सरका, सगळ्यांना मिळेल!" असं कुणीतरी मागं ओरडत होतं. ते गाण्याबद्दल असावं अशी मी मनाची समजूत घातली. मी पुन्हा माइक तोंडाशी नेला, तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष रमेशभैया गर्दीतून वाट काढत आले. चेहरा लालबुंद.

"मास्टरजी, ये ठीक नहीं! भंडारा रखा और अध्यक्ष को ही खबर नहीं?"

"कसला भंडारा?"

"अरे, आपके ही भोंगेपर तो बोला! सुनो!"

त्यांनी खिडकी उघडली. मी माइकमध्ये "अरे देवा" म्हटलं. चौकातून चार भोंग्यांनी "अरे देवा" म्हटलं.

मी अँप्लिफायरच्या मागं त्या उरलेल्या वायरकडे बघितलं. शोभानं माझ्याकडे बघितलं. दर्जीकाकांनी वसंतरावांकडे बघितलं आणि आदरानं विचारलं, "अच्छा, पंखेवाले आप ही हैं?"

पुढचं वर्णन मी करत नाही. वसंतराव एवढंच म्हणाले, "मास्तर, तो पंखा परत द्या." आणि बायकोकडे, म्हणजे ताईंकडे वळून, "तू घरी चल, मग बघू."

"आई, आता काय करायचं गं?" शोभा रडकुंडीला आली. "यांना सांगते, चुकून झालं म्हणून. हात जोडते सगळ्यांसमोर."

सासूबाई ताडकन उठल्या. "खबरदार! दिलेलं आवतन माघारी घेतेत का कुठं? माह्या पंच्याहत्तरीले दारातून मानूस उपाशी गेलं, तर मी बी जेवनार नाही. पोतं सोड!"

त्यांच्या आवाजाला धार होती. शोभानं मुकाट पोतं सोडलं.

मग जे झालं ते इतवाऱ्यातच होऊ शकतं. रमेशभैयांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या वाळक्या काड्या मागवल्या आणि गल्लीत जाळ करून वांगी भाजायला घातली. चक्कीवाले उलटपावली जाऊन कणीक घेऊन आले. बायांनी ओट्यावर पोळपाट मांडले. मंडळाच्या कढया पलंगाखालून निघाल्या, पत्रावळी निघाल्या. वसंतराव रागानं पुऱ्या तळत होते, त्यामुळं पुऱ्या टम्म फुगत होत्या. सासूबाई खुर्चीत बसून माइकवर हुकूम सोडत होत्या, "तिकडं मिरची कमी दिसते! त्या लेकराले केळ द्या!" आणि ते हुकूम गावाच्या दुसऱ्या टोकाला, लालबागपर्यंत जात असावेत, कारण तिकडूनही माणसं आली.

पंगतीवर पंगत उठली. दोन्ही पोती रिकामी झाली, पण दारातून उपाशी कुणी गेलं नाही. सासूबाई जेवल्या. शोभा भिंतीला टेकून बसली.

आता लोकांनी घरी जावं, एवढीच अपेक्षा होती. पण लोकांना कराओके सापडलं! दर्जीकाकांनी भजन म्हटलं. शर्माभाभींनी लग्नगीत म्हटलं, तेही सगळी कडवी. रमेशभैयांनी भाषण केलं. कुणी हलेना.

"जा कसं म्हणायचं हो?" शोभा हळूच म्हणाली. "आपणच बोलावलंय. पण आता माझी कंबर राहिली नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाली, "अहो, तुमचं गाणं राहिलंय ना? म्हणा ना."

बायकोला शेवटी कळलं! मी भोंग्याची वायरही काढली नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे!

मी डोळे मिटून गायलो. पहिल्या अंतऱ्यात पायांचा आवाज आला. लोक जवळ सरकत असतील. दुसऱ्या अंतऱ्यात चपलांची झटापट ऐकू आली. गाणं संपलं. मी डोळे उघडले.

ओटा रिकामा. गल्ली रिकामी. शर्माभाभी डबा विसरून गेल्या होत्या. वसंतराव पिशव्या उचलून रिक्षात बसले होते. शोभा समाधानानं केर काढत होती. (मंडळवाले हल्ली भंडाऱ्याला मला शेवटी बोलावतात. "मास्टरजी, बस एक अंतरा!")

फक्त सासूबाई समोर बसल्या होत्या. डोळे पाण्यानं भरलेले, मान डोलत.

"लई गोड गळा हाय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आनखी एक म्हना."

मी धावत जाऊन त्यांचे पाय धरले. तेव्हा त्यांच्या मांडीवर उघडा बटवा दिसला. त्यात सुपारी होती, आणि सुपारीशेजारी कानाचं मशीन होतं.

मी ते उचलून त्यांच्या हातात दिलं. सासूबाईंनी मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मशीन पुन्हा बटव्यात टाकलं आणि नाडी घट्ट ओढली.

"हं," त्या प्रेमानं म्हणाल्या, "आता म्हना."