मधल्या स्पिंडलचं ग्रीस

मंडळी, आज स्वतःच्याच हुशारीत अडकलोय.

विक्रोळीला एका कॉलनीत मी गवत कापायचा ट्रॅक्टर सांभाळतो. खालची तीन पाती ज्या दांड्यांवर फिरतात, त्या स्पिंडलना ग्रीस मारावं लागतं. मधल्याचं निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, पट्ट्यामागे लपलेलं, बोटाने चाचपूनच सापडतं. आपली गरज राहावी म्हणून ते मी कुणालाच दाखवलं नाही. कुणी बघायला आलं की त्याला चहा आणायला पाठवायचो.

आता कंबरेची वाट लागली. स्टोअरमध्ये बदली मागितली, तर सकाळी सुपरवायझर म्हणाले, "तू गेलास तर ग्रीस कोण मारणार रे? आधी कुणाला तरी शिकव."

दुपारपासून तिघांना विचारलं. ट्रॅक्टरखाली झोपायचं म्हटलं की प्रत्येकाला चहा आणायचा असतो.

तुम्ही काय लपवून ठेवलंय?