मशीन घेऊन समुद्रावर गेलेली मावशी

घोडपदेवात अशी एक तरी बाई दाखवा, जिच्या पाठीचं माप आमच्या मजल्यावरच्या ब्लाउजवाल्या मावशीला तोंडपाठ नव्हतं! आणि वेळ? सोमवार म्हणजे सोमवार. एकदा फणफणून ताप आला, तर शेजारणीला कपाळावरच्या घड्या बदलायला बसवून हिने अस्तरं लावली. दुसऱ्याच्या हाताचं काम मात्र तिला खपायचं नाही. मी हौसेने लावलेले हूक तिने माझ्यादेखत उसवले आणि म्हणाली, "तू आपला कॉम्प्युटरच कर गो बाय."

यजमान जाऊन वीस वर्षं झालेल्या या मावशीच्या आयुष्यात पन्नाशीनंतर काका आले. परळला राहणारे, बसचे निवृत्त ड्रायव्हर, तेही विधुर. मुलीच्या लग्नाचे ब्लाउज शिवून घ्यायला आले होते. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तरी हे दर रविवारी एक ब्लाउज घेऊन हजर. "बाही जरा घट्ट होते म्हणते." मावशी बाही सोडायची. पुढच्या रविवारी, "आता सैल होते म्हणते." सगळ्या चाळीला कळलं, फक्त मावशीला सोडून. आणि तिला कळलं तेव्हा ती आठवडाभर नुसती गुणगुणत होती.

मग ऐन लग्नसराईत काकांनी दोन दिवस नागावला समुद्रावर जायचं काढलं. एका नवरीचे सहा ब्लाउज सोमवारी द्यायचे होते. मला वाटलं, ही सरळ नाही म्हणणार. पण ती माझ्या दारात उभी. "तू लॅपटॉप घेऊन कुठनंही ऑफिस करतेस ना? मग मी मशीन घेऊन का नाही जायचं? आणि तूही चल. त्यांच्याबरोबर एकटी गेले तर चाळीला महिनाभर दुसरा विषय नाही."

शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर काकांच्या खांद्यावर हातमशीन, माझ्या पाठीवर लॅपटॉप आणि मावशीच्या छातीशी ब्लाउजची पिशवी. लाँच सुटली तशी ती लहान मुलीसारखी ओरडली, "अगं, पक्षी बघ किती!" आणि त्याच दमात माझ्या कानाशी, "आणि ती पुढची बाई बघ. बाहीचा मुंढा केवढा चुकलाय!"

नागावला पडवीत मशीन मांडलं. माडांमधून समुद्र दिसत होता. दर टिपेला मावशी मान वर करून तो जागेवर आहे ना ते बघून घ्यायची. माझी मीटिंग सुरू होती; मशीनची खडखड ऐकून साहेबांनी विचारलं, "गाडीत आहात का?" तेवढ्यात काका न विचारता चष्मा लावून हूक लावायला बसले. पहिला हूक वाकडा, दुसरा त्याहून वाकडा. मावशीने ब्लाउज घेतला, उलटा केला, सुलटा केला. "बरे झालेत," म्हणाली. साहेबांना काय उत्तर दिलं, मला आठवत नाही.

रविवारी दुपारी भरती लागली. एकच ब्लाउज राहिला होता. काका उठले आणि म्हणाले, "पाण्यात येतेस?"

आजवर ते तिला 'तुम्ही' म्हणायचे. मशीनचं चाक थांबलं.

"साडी भिजेल."

"भिजू दे."

मावशीने ब्लाउजकडे पाहिलं आणि फोन उचलला. "नवरीची आई ना? पाच ब्लाउज उद्या देते, सहावा परवा. नाही हो, आजारी नाही. समुद्रावर आलेय!"

पहिली लाट गुडघ्याला लागली तशी ती अशी किंचाळली, की मी पडवीतून धावत सुटले. तिने काकांचा हात घट्ट धरला होता. किनाऱ्यावर माणसं होती, बघत होती. तिने सोडला नाही.

आता मावशी परळला राहते, काकांच्या घरी. नोंदणी लग्नात साक्षीदार म्हणून सही माझीच आहे. परवा नवं कापड घेऊन गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "नागावला गेलीत दोघं. कधी येतील सांगितलं नाही." कापडाची पिशवी तशीच घेऊन मी जिना उतरले. फार आनंद झाला होता. आणि खरं सांगायचं तर, घोडपदेवपर्यंत चालत येताना थोडं एकटंही वाटलं.